सोळा नंबरवर कोणीच नव्हतं

१

केसरवर कोणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याच्या बहिणीने नाही, गावाने नाही, आणि पोलिसाने तर वहीतून मान वर न काढताच ठेवला नाही. पोटच्या पोरीनेही ठेवला नाही. बाकीच्यांचं केसरला काही नव्हतं. पोरीचं होतं.

काशीदच्या अलीकडे सुरूच्या बनाला लागून एक सभागृह आहे. तिथलं साउंड येसाजी सांभाळायचा आणि केसर त्याच्या हाताखाली. बाई चौथी पास, पण कुठल्या वायरीचं तोंड कुठे जातं हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. येसाजीचा एक नियम होता. स्टेजखाली शिरून जोड उघडायचा असला, की आधी भिंतीवरच्या बोर्डातला चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसायचा आणि बायकोच्या हातात द्यायचा. "केसर, धर," एवढंच म्हणायचा. बायकोला चारचौघांत नावाने हाक मारणारा गावात तो एकटाच. ती फ्यूज कमरेला खोचायची. फ्यूज तिच्या कमरेला आहे तोवर स्टेजखाली करंट यायची टाप नव्हती. बावीस वर्षं हे असंच चाललं.

दोन वर्षांपूर्वी पौषात, भर दुपारी येसाजी स्टेजखाली गेला आणि तिथेच राहिला. माणसं धावली तेव्हा फ्यूज बोर्डात होता.

"मला दिलाच न्हाय त्यांनी," केसर म्हणाली. "मी पाणी आणायला गेले होते. आले तर हे."

"तुझ्या हातात न देता येसाजी खाली गेला?" नणंद म्हणाली. रंगू तिचं नाव, अलिबागला असते. "बावीस वर्षांत कधी गेला होता गो?"

मुद्दाम केलंस असं कोणी म्हणालं नाही. घाईत फ्यूज परत घातलास, विसरलीस, असं म्हणाले. चूक झाली म्हण आणि मोकळी हो. केसर म्हणायची, केली न्हाय ती चूक कशी म्हणू? मग लोक एकमेकांकडे बघायचे आणि गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

साक्षी तेव्हा वीस वर्षांची. गाणारी पोर. तिचा पहिला कार्यक्रम त्याच संध्याकाळी व्हायचा होता. पोलिसाने विचारलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "बाबा फ्यूज आईकडेच देतात." तेरावं झालं आणि ती अलिबागला आत्याकडे निघून गेली. त्यानंतर आईशी बोलली नाही.

२

सभागृहाच्या मालकाने मग सगळं बदललं. छताचे पंखे काढले, एसी बसवला. अकरा महिन्यांनी नवा डिजिटल मिक्सर आला. मॅनेजर तौहीद मुरूडचा, भला माणूस. त्याने केसरला ठेवून घेतलं, कारण भिंतीतल्या वायरी तिच्याइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या.

जुन्या मिक्सरला सोळा चॅनल होती. सोळावं येसाजीचं, स्वतःच्या चाचणीच्या माइकचं. नव्याला बत्तीस. स्टेजवर एक लोखंडी पेटी, तिच्यात माइकच्या वायरी खोचायच्या. पेटीतून एकच वायर मागच्या भिंतीशी मिक्सरला येते, आणि मिक्सरमधून एक लॅपटॉपला. मग गाणारीचा आवाज वेगळा, हार्मोनियमवाल्याचा वेगळा, तबल्याचा वेगळा, असा प्रत्येकाचा आपापला तुकडा लॅपटॉपवर उतरतो. नंतर घरी बसून हवं ते कमीजास्त करता येतं. केसरला हे आवडलं होतं. गर्दीतल्या प्रत्येकाचं म्हणणं वेगवेगळं ऐकून घेणारं यंत्र. असं माणूस तिला भेटलं नव्हतं.

खाऱ्या वाऱ्याने पेटीतल्या खाचा गंजतात, म्हणून रिकाम्या खाचांवर ती काळी चिकटपट्टी मारून ठेवायची. साक्षीच्या कार्यक्रमाला अकराच लागणार होत्या. बारापासून पुढे सगळीकडे पट्टी.

हो, साक्षीचाच कार्यक्रम. रविवारी सकाळी दहाला, मांडवातली जुनी लग्नाची गाणी, अलिबागच्या महिला मंडळातर्फे. रेकॉर्डिंगला प्रणाली नावाची मुलगी आणलेली, हुशार आणि भराभर बोलणारी. मंगळवारी दुपारी पहिली तालीम झाली. साक्षी आली, आईसमोरून गेली, स्टेजवर चढली.

"प्रणाली, त्यांना सांग, माझा आवाज मला थोडा जास्त ऐकू येऊ दे."

"त्यांना म्हणजे मावशींना?"

"मिक्सरवर कोण बसलंय?"

केसरने आवाज वाढवला. एक गोष्ट तिच्या डोळ्यांत भरली. साक्षी माइकचं बटण स्वतः दाबत नव्हती. हात मागे बांधून उभी राहायची आणि हार्मोनियमवाल्याला म्हणायची, "काका, तुम्ही चालू करा ना." दोन वर्षांत मोठी गायिका झाली, नखरे आले, असं केसरच्या मनात आलं. मग वाटलं, आपलीच पोर, आपणच अशी जीभ चालवावी?

बुधवारी प्रणालीचा फोन आला. "मावशी, सोळा नंबरवर कोण होतं?"

"कोन न्हाय. रिकामा हाय तो."

"मी सगळी बत्तीस रेकॉर्ड करते, निवडत बसत नाही. बाकीच्या रिकाम्या चॅनलवर काहीच नाही. सोळावर आवाज आहे."

"गाण्याचाच शिरला असंल."

"गाणं नाहीये, तेच तर. त्या दीड तासात हॉलमध्ये गाणं झालंच नाही असं वाटतं ऐकताना. नुसता रिकामा हॉल. कोणीतरी एकटं चालतंय. आणि मावशी, पंखा कुरकुरतोय. तुमच्याकडे पंखा कुठला कुरकुरतो?"

डावीकडचा दुसरा पंखा कुरकुरायचा. तो भंगारात जाऊन वर्ष उलटलं होतं.

३

ती घाबरली नाही. घाबरायला वेळ लागतो, आणि तिला आधी कारण शोधायचं होतं. कोणीतरी जुनं रेकॉर्डिंग मध्ये घुसवलं म्हणावं, तर पंखे होते तेव्हा हा मिक्सरच नव्हता, आणि जुन्यावर रेकॉर्डिंग व्हायचं नाही. शेजारच्या रिसॉर्टचा आवाज म्हणावा, तर वायरच नाही तिथे यावा कसा?

शुक्रवारी दुसरी तालीम. त्याआधी तिने सोळाच्या खाचेवरची पट्टी काढली, आत बघितलं, कापसाचा बोळा कोंबला आणि वर दोन पट्ट्या मारल्या. मिक्सरवर सोळाची आवाज कमीजास्त करायची दांडी खाली ओढली आणि आवाज बंद केला. तौहीदला बोलावून सगळं दाखवलं.

"ताई, इतकं काय," तो म्हणाला. "चुकून एखादा माइक राहिला असेल चालू. होतं."

"पट्टी मारलेल्या खाचेत कसला माइक राहील रे?"

तो हसला. विश्वास न ठेवणारं हसणं, दोन वर्षं लोक गप्प बसायचे तसलंच.

तालीम संपली. साक्षी आणि वादक चहाला गेले. प्रणालीने तिथेच लॅपटॉपवर सोळावा तुकडा लावला, आणि तौहीदसकट तिघं छोट्या स्पीकरवर ऐकत बसली. बाहेर चार वाजताचं ऊन होतं, सुरूच्या झाडांत पोरं क्रिकेट खेळत होती.

पंखा. कुर्र, थांब, कुर्र. मग पावलं, रबरी चपलांची. मग टक टक. कोणीतरी माइकच्या जाळीवर दोन बोटांची नखं वाजवत होतं. चार पावलं. टक टक. पुन्हा चार पावलं. केसर मोजत होती. येसाजी कधी "हॅलो, वन टू थ्री" म्हणाला नाही. त्याला लाज वाटायची. तो असंच वाजवायचा, नखांनी, दोनदा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

पंधरा झाले. मग बराच वेळ काही नाही. मग बोर्डाच्या लोखंडी दाराचा आवाज. आणि लांबून एका बाईचा.

"पाणी आणते हो. हंडा रिकामा हाय."

बांगड्या वाजल्या, दार लोटलं गेलं. तुकडा संपला. तालीम जिथे संपली होती, अगदी त्याच सेकंदाला.

प्रणालीने मान वळवली. "मावशी, हा तर तुमचा आवाज."

"व्हय. माझाच." केसर उभारी आल्यासारखी तौहीदकडे वळली. "ऐकलास ना तौहीद? पाणी आणायला गेले होते मी. त्या दिवशी. दोन वर्षं हेच सांगतेय ना?"

तौहीदने सावकाश श्वास सोडला. "ताई, मीही तेच म्हणतोय. माइक चालू होता, तुम्ही बोललात, ते उतरलं. बस. पाणी तर तुम्ही रोजच आणता."

"आज हंडा न्हाय इथं. आता ते बाटल्यांचं मशीन हाय."

"ठीक आहे," तो म्हणाला, म्हणजे ठीक नाही. "रविवारचं नीट होऊ द्या. मालक येणार आहेत."

खुद्द तिचाच आवाज तिच्या बाजूने साक्ष द्यायला आला होता, आणि तोही खोटा पडला.

४

साक्षी दारात उभी होती. हातात चहाचा कागदी पेला. कधी आली होती कोणास ठाऊक.

"काय चाललंय?" तिने प्रणालीला विचारलं, पण बघत होती आईकडे.

केसरने ठरवलं होतं की आधी आपण बोलायचं नाही. दोन वर्षं पाळलं होतं. ते आता मोडलं. "तुझा बाप हाय सोळा नंबरवर," ती म्हणाली. "तो दिवस पुढं पुढं चाललाय. मंगळवारी आला, आज माइक तपासले, बोर्ड उघडला, मी पाण्याला गेले. आता फ्यूज काढील. कोणाला देतो ते रविवारी कळंल."

साक्षीचा पेला वाकडा झाला, चहा बोटांवरून ओघळला. गरम असणार. तिने हात झटकला नाही.

"माझ्या कार्यक्रमात तुझी नाटकं नकोत," ती म्हणाली. "ते चॅनल बंद कर."

"बंदच हाय."

"मग रेकॉर्ड करू नकोस. प्रणाली, सोळा घेऊ नकोस."

"का गो?" केसर म्हणाली. "मी घातला म्हणतेस ना फ्यूज? मग ऐक की. बाप खोटं सांगनार हाय?"

साक्षीने पेला खाली ठेवला. वळली आणि भरउन्हात वाळूतून रस्त्याकडे चालू लागली. चपला स्टेजपाशीच राहिल्या होत्या. प्रणालीने त्या उचलून तिच्यामागे धाव घेतली.

त्या रात्री केसर शांत झोपली. पुष्कळ दिवसांनी. रविवार जवळ आला होता, आणि पोर घरी येईल असं तिला वाटत होतं. माफी मागेल, आपण आधी दोन शब्द सुनावू, मग वाढू. बोंबील आणून ठेवावेत का, इथपर्यंत तिचं मन गेलं होतं.

५

रविवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत मालक, दुसरीत रंगू, नवी साडी, चेहरा तसाच. प्रणालीने सगळी बत्तीस चालू केली. सोळा सोडायची ती विसरली की तिने मुद्दाम घेतलं, ते केसरने विचारलं नाही.

दहाला गाणं सुरू झालं. साक्षी चांगली गायली. खोटं कशाला बोला, येसाजी गेल्यापासून या भिंतींना असा आवाज मिळाला नव्हता. मांडवातली गाणी सावकाश असतात, एकेका ओळीला वळसे. हळदीची गाणी झाली, तेलसाड्याची झाली. केसर मिक्सरवर बसून हिरव्या दिव्यांकडे बघत होती. एक ते अकरा नाचत होते. पुढचे काळे.

साडेअकराच्या सुमाराला सोळाचा दिवा दोनदा लुकलुकला.

आपणच सोळाची दांडी खाली ओढली होती, हे तिने पुन्हा बघून घेतलं. खालीच होती. मग तिने हेडफोन उचलला. सगळं बंद ठेवूनही एकच चॅनल आपल्यापुरतं ऐकायचं एक बटण असतं. ते तिने सोळाला दाबलं. एक कान झाकला, एक हॉलसाठी उघडा ठेवला.

उघड्या कानात पोरीचं गाणं. झाकलेल्या कानात पंखा.

बोर्डाचं दार. फ्यूज उपसल्याचा आवाज, चिनीमाती लोखंडावर घासल्याचा. तो तिला झोपेतही ओळखता आला असता. आणि मग येसाजी, इतक्या जवळून की कानाशी उबारा आला.

"साक्षी, धर."

केसरने हेडफोन कानाशी दाबला.

"आई पाणी घेऊन येतेय. आली की तिच्याच हातात दे. मी खाली हाय."

पावलं. गुडघे टेकल्याचा आवाज. कापड सरकल्याचा.

तेव्हाच तिने स्टेजकडे बघितलं. स्टेजच्या पुढच्या बाजूला जमिनीपर्यंत काळी झालर लावलेली असते. ती झालर डाव्या टोकाला आतून फुगली. एसीचा वारा असेल, तिने स्वतःला सांगितलं. फुगवटा हलला. मध्याकडे, हळूहळू, थांबत थांबत, जसं कोणी कोपरांवर सरकावं तसा. साक्षीच्या पायांच्या खाली येऊन तो थांबला. झालरीच्या कडेखालून क्षणभर एक तळपाय दिसला, राखाडी, टाचेला भेगा, आणि मग आत ओढला गेला. पहिल्या रांगेतले लोक टाळ्यांवर ठेका धरत होते.

झाकलेल्या कानात कोणीतरी हलक्या पायांनी स्टेजवर आलं. माइक उचलला. बटण खाली-वर केलं, खाली-वर. माइक मेलेला. तोंडाने एक बारीक 'च्च' असा आवाज, कंटाळल्याचा. लहानपणी भात वाढायला उशीर झाला की साक्षी तसाच करायची. मग पावलं बोर्डाकडे. भराभर, पोरकट, एका उडीत.

टक. फ्यूज बसला.

उघड्या कानात साक्षीने नवी ओळ उचलली. झाकलेल्या कानात त्याच वेळी तीच ओळ उचलली गेली, तोच आवाज, दोन वर्षांनी कोवळा. अर्ध्या शब्दावर झाकलेला कान एकदम शांत झाला.

स्टेजवरची साक्षीही अर्ध्या शब्दावर थांबली होती.

एक श्वास. दोन. लोकांना वाटलं, गाण्यातलीच जागा. तिने मागच्या भिंतीकडे बघितलं, मिक्सरकडे, आईकडे. केसरच्या कानावर हेडफोन होता. दोघींची नजर भिडली. मग साक्षीने तो शब्द पुरा केला आणि गात राहिली, शेवटपर्यंत.

६

टाळ्या संपल्या, मालक निघून गेले. प्रणाली स्टेजवर वायरी गुंडाळायला गेली होती, लॅपटॉप उघडा होता. केसरला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात, आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र कोणालाही कळतं. तिने सोळा शोधला. बोट ठेवलं. मशीनने काहीतरी विचारलं, खात्री आहे का वगैरे असणार. खात्री होती.

दोन वर्षं जी गोष्ट तिला हवी होती ती तिथे होती, सगळ्यांसमोर लावता आली असती. रंगू ऐकती, तौहीद ऐकता, गाव ऐकतं. आणि ती पोर. ती पोर दोन वर्षं एकही बटण दाबत नव्हती, आणि आईला वाटलं नखरे आले.

सोळाचा तुकडा गेला. पंधरानंतर एकदम सतरा.

साक्षी आली. गळ्यात हार तसाच. मागे रंगू, तौहीद, आणि वायरींचं भेंडोळं घेऊन प्रणाली. साक्षीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती ताठ उभी होती, निकाल ऐकायला यावं तशी.

"लाव," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर लाव."

"न्हाय उरला."

प्रणालीने पुढे होऊन बघितलं. "मावशी, तुम्ही पुसलात?"

"पुसला."

"बघ," रंगू म्हणाली. "मी सांगत होते ना? काय असतं तर पुसलं असतं का?"

साक्षीने आत्याकडे लक्ष दिलं नाही. दोन वर्षांनी तिने पहिल्यांदा आईला आई म्हणून हाक मारली. "आई. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"बाबांनी फ्यूज दिला?"

"दिला. 'धर' म्हणाले."

"नाव घेऊन म्हणाले?"

केसरने मिक्सरकडे बघितलं. सगळे दिवे काळे होते. सोळाचा तेवढा हिरवा होता, लुकलुकत नव्हता, नुसता तेवत होता, जसं कोणी माइकशी तोंड नेऊन गप्प उभं राहावं. तिने मिक्सर झाकायची जुनी साडी उचलली, त्याच्यावर पांघरली, चारही टोकं नीट खोचली. मग कमरेवर हात ठेवला, बावीस वर्षं जिथे ठेवायची तिथे.

"नाव घेऊनच म्हणतात ते," ती म्हणाली. "मला दिला, आणि मीच घातला. आता तरी मोकळ्या व्हा."

"आई," साक्षी एक पाऊल पुढे आली. "कोणाचं नाव घेतलं बाबांनी?"

"केसर."